प्रोजेक्टरचा लॅम्प पेटत नाहीये? नवीन युनिटची ऑर्डर द्यायच्या आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन या

सिंगल स्क्रीन थिएटरवाल्यांसाठी आणि प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला लागलं की आतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर रिपेअरवाले काका बसतात. दुकानाचं नाव टाकू नका म्हणाले, आहे तेच काम उरकत नाही. यूपीएस, वेल्डिंगचे इन्व्हर्टर आणि डिजिटल सिनेमा प्रोजेक्टरचे लॅम्प सप्लाय (लॅम्पला करंट देणारं युनिट), एवढंच करतात. वेल्डिंगचं नाव ऐकून नाक मुरडू नका, झेनॉनचा, म्हणजे प्रोजेक्टरमधल्या झेनॉन गॅसच्या लॅम्पचा, सप्लाय म्हणजे वेल्डिंग इन्व्हर्टरचा चुलतभाऊच, व्होल्ट कमी आणि करंट बेफाम. आमचा 3 किलोवॅटचा लॅम्प चालू असताना 30 व्होल्टच्या आसपासच असतो पण करंट जातो 100 अँपिअरच्या घरात.

आमचं झालं असं की लॅम्प पेटायचा, सेकंदभर राहायचा आणि बंद, स्क्रीनवर लॅम्प फेलचा एरर. नंतर नंतर तर पेटणंच बंद. सर्व्हिसवाल्यांचा माणूस आला, लॉग बघितला, म्हणाला सप्लाय गेला, अख्खं युनिट बदलावं लागेल, बोर्ड सुटा मिळत नाही. कोटेशन बघून मालक खुर्चीतच बसले. लालबाग परळ पट्ट्यात आता दुपारच्या शोला किती पब्लिक येतं ते सांगायला नको, तेवढ्यात कुठून काढणार एवढे पैसे.

काकांचं मला सगळ्यात आवडलं ते हे की माल घेऊन या असं ते फोनवर म्हणालेच नाहीत, आधी प्रश्न. स्ट्राइक देताना, म्हणजे लॅम्प पेटवायचा झटका देताना, कटकट आवाज येतो का? आवाज येतो पण उजेड नाही, तर आधी लॅम्प बघा, जुना झाला की इलेक्ट्रोड झिजतात, काच काळी पडते आणि पेटायला कुरकुर करतो. आवाजच नाही तर इग्नायटर (तो झटका देणारा भाग) किंवा सप्लायचा सुरुवातीचा व्होल्टेज. पेटून लगेच विझतो, तर सप्लाय लोड घेत नाहीये किंवा लॅम्पची केबल ढिली आहे, कनेक्टर काळा पडलाय का बघा. आणि तिन्ही फेज येतायत का ते लोडवर मोजा, नुसते नको, कारण कॉन्टॅक्टरचा (मेन लाइन चालू-बंद करणारा मोठा स्विच) एक पॉइंट जळलेला असला तरी मीटर बिनलोडचा 415 व्होल्ट दाखवतो. एक्झॉस्टचा पंखा, हवेचा सेन्सर, लॅम्पच्या दाराचा स्विच हे पण बघायला लावलं, यातलं एक जरी नाही म्हणालं तरी प्रोजेक्टर स्ट्राइकच देत नाही. हे सगळं फुकट, फोनवर. यातच अर्ध्या लोकांचं काम होऊन जात असेल.

एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली, स्ट्राइक देताना लॅम्पच्या टोकांना मीटर लावायचा नाही. इग्नायटरचा झटका हजारो व्होल्टचा असतो, मीटर तर जातोच, धरणारा पण जाऊ शकतो. आणि झेनॉनचा लॅम्प थंड असला तरी आत प्रेशर असतं, त्यामुळे फेस शील्ड आणि ग्लव्हजशिवाय हात लावायचा नाही. आमच्याकडचा जुना ऑपरेटर गमछा गुंडाळून लॅम्प बदलायचा, देव तारी त्याला...

युनिट उघडल्यावर आतून धूळ नुसती, पंखा जाम, कपॅसिटर सुकलेले आणि एका मॉड्यूलमधले आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट. काकांनी आधी कपॅसिटर डिस्चार्ज केले, कारण तीन फेज रेक्टिफाय झाला की आत 585 व्होल्टच्या आसपास डीसी होतो आणि मेन बंद केल्यावर पण राहतो. मग जळालेला एकच पार्ट नाही बदलला, जोडीतला दुसरा पण बदलला आणि त्यांना चालवणारा ड्रायव्हर सेक्शन पूर्ण चेक केला, नाहीतर नवा आयजीबीटी पहिल्याच स्ट्राइकला उडतो म्हणाले. सगळे कपॅसिटर आणि पंखा नवीन. आयजीबीटी मात्र खालच्या दुकानातून आणला नाही, तिथे घासून नवीन नंबर छापलेला माल पण मिळतो म्हणे, डिस्ट्रिब्युटरकडून मागवला. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले, हे मला लई आवडलं.

दुकानात सिरीज बल्ब लावून (म्हणजे काही शॉर्ट असलं तर बल्ब पेटतो, पार्ट वाचतात) चालू केलं पण फुल लोडला तिथे चालवता येत नाही, म्हणून स्वतः थिएटरला आले, कमी करंटवर सुरू करून हळूहळू वाढवला, डीसीवाला क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून वाचत बसले. (साधा एसी क्लॅम्प लावला तर शून्य दाखवतो, आमचा इलेक्ट्रिशियन तेच लावून गोंधळला होता.) खर्च म्हणाल तर नवीन युनिटच्या कोटेशनच्या पाचव्या हिश्श्यातच आला, पार्ट धरून.

आता या रिव्ह्यूत एक स्टार का कापला ते सांगतो. दोन दिवसांत देतो म्हणतात ते दोन दिवस काही खरे नाहीत, आणि तोपर्यंत वापरायला स्टँडबाय सप्लाय त्यांच्याकडे नाही, शो कॅन्सल झाले ते झाले. बिलासाठी मागे लागावं लागतं. वॉरंटी तोंडी, तीन महिने म्हणतात. जिना अरुंद आणि लिफ्ट नाही, युनिट जड आहे, दोघं जण न्या. गाडी लावायला तर जागाच नाही, टॅक्सीच करा. इग्नायटर ते उघडत नाहीत, सरळ बदला म्हणतात, आणि लेझरवाल्या प्रोजेक्टरचं पण काम घेत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे लेझर असेल तर हेलपाटा मारू नका. जाताना एररचा फोटो आणि लॅम्पचे तास लिहून न्या, पहिलं तेच विचारतील. सोमवार मंगळवार बरा, शुक्रवारच्या तोंडावर सगळेच थिएटरवाले तिथे रांगेत असतात.