चितपट, गुणांवर आणि मधले रस्ते : सिव्हिलायझेशन ६ सोबतचे आठ महिने

स्टीम, म्हणजे जिथून गेम घेतला ते ॲप, ४१२ तास खेळल्याचे दाखवतंय. बायकोच्या मते मीटर स्लो आहे. दिवाळीच्या सेलमध्ये दोन्ही मोठ्या विस्तारांसकट (मूळ गेमला नंतर जोडलेल्या भरीसकट) हा गेम घेतला आणि आता पंचगंगेचं पाणी चढायला लागलंय, म्हणजे आठ महिने झाले. बावीस डाव शेवटपर्यंत नेले, तेरा जिंकलो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी प्लॅनिंगला आहे. दिवसभर हीट किती, मोल्ड किती, डिस्पॅच कधी, हेच चालू असतं. घरी येऊन पुन्हा तेच करायला लावणारा गेम कशाला, असं पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. आता तसं म्हणायला तोंड राहिलं नाही.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नकाशावर शहरं वसवून राज्य वाढवायचा, पाळीपाळीनं खेळायचा हा गेम २०१६ चा. इ. स. पूर्व ४००० मध्ये एक वसाहतवाला आणि एक योद्धा घेऊन सुरुवात होते, नेहमीच्या वेगाला ५०० टर्नमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, इ. स. २०५० पर्यंत पोचता येतं. तेवढ्यात विज्ञान, संस्कृती, धर्म, लष्कर किंवा राजनय यांपैकी एका वाटेनं जिंकायचं. कुणालाच जमलं नाही तर शेवटी गुण मोजतात, पण तिथवर डाव गेला तर आपण कुठंतरी झोपा काढल्या असं समजावं. राजनैतिक विजय २०१९ च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ विस्तारात आला, नुसता मूळ गेम घेतला तर तो मिळत नाही.

कुठला विजय सगळ्यात लवकर मिळतो यावर लोक तासन्‌तास भांडतात. मला घाई नाही. माझा प्रश्न एवढाच, की शेवटचे शंभर टर्न कुठल्या वाटेवर करमतं? या गेमचं खरं दुखणं तिथं आहे. दीडशेव्या टर्नच्या आसपास अंदाज येतो की हा डाव आपला. पुढं बरेचदा वरात मांडवात पोचल्यावरही बँड वाजवत राहिल्यासारखं होतं.

लष्करी विजयापासून सुरू करतो, कारण माझ्या पुतण्याला दुसरं काही खेळताच येत नाही. नियम सरळ आहे, बाकी सगळ्यांच्या मूळ राजधान्या ताब्यात पाहिजेत. सगळा मुलूख घ्यायची गरज नाही. खासबागेत मातीतली कुस्ती निकाली व्हायची तर पाठ टेकावी लागते, तसंच हे. मजा आहे ती वेढ्यात. शहर चारी बाजूंनी कोंडलं तरच त्याचं सावरणं थांबतं. एक टाईल, म्हणजे नकाशावरचं एक घर, जरी मोकळी राहिली, तरी आपण बाण मारत बसतो आणि ते दर टर्नला उठून उभं राहतं. पन्हाळ्यावर १६६० साली सिद्दी जौहरनं चार महिने वेढा घातला आणि भर पावसातल्या एका रात्री महाराज निसटले. माझ्या पहिल्या तीन वेढ्यांत मी सिद्दी जौहरच होतो. फरक असा की महाराज विशाळगडाला पोचले आणि लढाई चालू राहिली. गेममध्ये मूळ राजधानी पडली की त्या राजाचा हिशेब मिटतो, दुसरीकडं राजधानी हलवली तरी उपयोग नाही.

पण एका टाईलवर एकच लढाऊ तुकडी उभी राहते. त्यामुळं तोफा आल्यावर तीसेक तुकड्या एकेक करून हलवायच्या, रस्त्यात एकमेकांना आडव्या येणाऱ्या. संध्याकाळच्या महाद्वार रोडवरून चारचाकी काढल्यासारखं. तीन डाव असे जिंकलो, चौथा सोडून दिला.

धर्माच्या वाटेनं मी हरलो ते आधी सांगतो. पहिल्याच महिन्यातला डाव. विज्ञानात सगळ्यांच्या पुढं, तिजोरी भरलेली, सैन्य बरं. कोपऱ्यात स्पेनचा फिलिप दुसरा. त्याचे धर्मप्रचारक माझ्या शेताबांधावरून ये-जा करायचे. सीमा बंद असल्या तरी त्यांना आडकाठी नसते. आपली वाट विज्ञानाची, हे काय करायचेत ते करू देत, म्हणून मी बघत राहिलो. नियम असा की प्रत्येक देशाच्या निम्म्याहून जास्त शहरांत एकच धर्म झाला की तो धर्मवाला जिंकला. बाकीचे आधीच त्याच्या पदरात पडले होते. माझी सात शहरं. तीन गेली तेव्हाही मी विद्यापीठं बांधत होतो. दोनशे सतराव्या टर्नला चौथं गेलं आणि पडद्यावर ‘पराभव’. एकही गोळी सुटली नव्हती. स्वतःचा धर्म नसेल तर त्यांना रोखायला जवळजवळ एकच उपाय उरतो, युद्ध पुकारून सैनिकांकरवी त्यांना हाकलायचं. तेही मला पराभवानंतरच कळलं.

त्यानंतर गांधींना घेऊन दोनदा धर्मविजय मिळवला. ज्यांनी धर्म स्थापलाय आणि जे युद्धात नाहीत, त्यांच्यामागं गांधींना श्रद्धेची (धर्माची माणसं विकत घ्यायचं गेममधलं चलन) जादा कमाई होते, त्यामुळं शांत बसूनही पेटी भरत राहते. (अणुबॉम्ब टाकणारे गांधी ही जुन्या गेमची दंतकथा. तसा बग कधी नव्हताच, असं या मालिकेचे जनक सिड मायर यांनीच सांगितलंय.) धर्मप्रचारकांची वादावादी विजा पाडून होते, हरला की त्याच्या धर्माचा त्या भागातला प्रभाव उतरतो. पहिले शंभर टर्न झकास. पुढं मात्र शेवटच्या खंडावरची शेवटची शहरं शोधत हिंडायचं.

विज्ञानविजयाबद्दल फाउंड्रीवाल्याचं मत ऐका. रॉकेट विज्ञानानं उडत नाही, उत्पादनानं उडतं. नवखा माणूस विद्यापीठांवर विद्यापीठं बांधतो, तंत्रज्ञान सगळ्यात आधी मिळवतो आणि मग बघतो तर अंतराळतळाला १८०० उत्पादन लागतं. शहर टर्नला ६० काढत असेल तर नुसता तळ बांधायला तीस टर्न! मग उपग्रह, चंद्र, मंगळ, आणि शेवटी दूरच्या ग्रहाकडं मोहीम. ड्रॉइंग कितीही भारी आलं तरी भट्टी एकच असली की ऑर्डर लटकते, हे आमच्याकडं नव्या इंजिनिअरलाही पहिल्या महिन्यात समजतं. म्हणून शंभराव्या टर्नच्या आधीच टेकड्यांतलं एक नदीकाठचं शहर हेरायचं, तिथं औद्योगिक विभाग असा बसवायचा की एका बाजूला धरण आणि दुसऱ्या बाजूला जलवाहिनी येईल. दोन्हींमुळं उत्पादन वाढतं.

धरणाचा विषय निघाला म्हणून एक बाजूची गोष्ट. ‘गॅदरिंग स्टॉर्म’ मध्ये नद्यांना पूर येतात. पूर शेतं, इमारती मोडतो, पण मागं गाळ सोडून जातो आणि त्या टाईल आधीपेक्षा सुपीक होतात. हा विस्तार २०१९ च्या फेब्रुवारीत आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडं पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवे बंद पाडला होता. इथला माणूस राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे पाढ्यासारखं पाठ धरून असतो. त्यामुळं मी नदीकाठी शहर वसवलं की आधी धरण बघतो, मग बाकीचं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी ऐकत वाढलेल्याला गेमनं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तर, मोहीम निघाली की ५० प्रकाशवर्षं अंतर. टर्नला एक. लेझर केंद्रं उभारली की प्रत्येकामागं वेग एकानं वाढतो, पण तोवर हातात काही उरत नाही. यान चाललंय, मी चहा घेतोय. पाच डाव असे जिंकलो आणि पाचही वेळा शेवटचा व्हिडिओ न बघता पुढं सरकवला.

राजनैतिक विजय शिकायला मला एकच डाव लागला. दूध संघाची नाहीतर साखर कारखान्याची निवडणूक जवळून बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. मध्ययुग सुरू झाल्यापासून दर तीस टर्नला जागतिक सभा भरते, ठराव येतात, मतं पडतात. पहिलं मत फुकट, पुढचं प्रत्येक महाग. २० गुण झाले की जिंकलात. आणि गुण आपल्याला हवं ते मंजूर झालं म्हणून मिळत नाही, जी बाजू जिंकली तिकडं आपलं मत होतं म्हणून मिळतो. म्हणजे वारं कुठं वाहतंय ते ओळखून आधीच तिकडं जाऊन बसायचं! काही वास्तूही गुण देतात, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ४, महाबोधी मंदिर २, पोताला राजवाडा १. विसाच्या जवळ गेलात की बाकीचे एक होऊन तुमचे दोन गुण कापायचा ठराव आणतात. तेव्हा स्वतःविरुद्धच मत द्यायचं. दोन जातात, पण बरोबर बाजूला असल्याचा एक परत मिळतो. माझे वडील शेजारी बसून हे बघत होते. म्हणाले, “आमच्या वेळी एवढं समोर नव्हतं दिसत.” एकच डाव जिंकलो. परत खेळायची इच्छा नाही, कारण दोन सभांच्या मधले तीस टर्न रिकामेच जातात.

उरला सांस्कृतिक विजय. आठ महिन्यांनी माझा मुक्काम इथंच आहे.

याचं गणित गेम नीट समजावून सांगत नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. प्रत्येक देशाला त्यानं आजवर जमवलेल्या संस्कृतीवरून देशी पर्यटक मिळतात. आपल्याकडं येणारे परदेशी पर्यटक इतर प्रत्येक देशाच्या देशी पर्यटकांपेक्षा जास्त झाले पाहिजेत. थोडक्यात, त्यांच्या लोकांना घरी बसण्यापेक्षा आपल्याकडं यावंसं वाटलं पाहिजे. म्हणजे खरा प्रतिस्पर्धी बलाढ्य सैन्यवाला नसतो, कुठल्यातरी कोपऱ्यात गपचूप नाट्यगृहं बांधणारा असतो. त्याच्यावर दीडशेव्या टर्नपासून नजर नाही ठेवली तर शेवटी तोच एकटा आडवा येतो.

एप्रिलमधला एक डाव. मी अमेरिकेचा टेडी रूझवेल्ट. राष्ट्रीय उद्यान केलं की त्या शहराच्या परिसराचं सौंदर्य वाढतं, हे त्याचं बळ. उद्यानाला पतंगाच्या आकारात चार टाईल लागतात, एकाच शहराच्या, हात न लावलेल्या, आणि डोंगर सोडले तर दिसायला किमान ‘मोहक’, म्हणजे सौंदर्याचा आकडा निदान २. दोन डोंगर आणि नदीकाठची दोन रानं मी साठ टर्न राखून ठेवली होती, दाजीपूरच्या जंगलासारखी. शेजारच्या शहरात लाकूडतोडीला बंदी. श्रद्धा साठवून निसर्गतज्ज्ञ विकत घेतला, चालवत आणला, आणि उद्यानाचं बटण दाबायला गेलो तर ते करडं. काहीच होईना. सौंदर्याचा नकाशा लावला तेव्हा दिसलं की एका रानाचा आकडा २ वरून १ झालाय. वीस टर्नांपूर्वी मीच तिथं खेटून औद्योगिक विभाग टाकला होता, धरण आणि जलवाहिनीच्या मोहात. सवय, दुसरं काय. विभाग मोडता येत नाही. मग कामगार आणून त्या रानाला लागून नवी झाडं लावली, आकडा परत २ झाला आणि उद्यान उभं राहिलं. आमच्या कंपनीत दर ५ जूनला वृक्षारोपणाचा फोटो निघतो. झाड जगल्याचं समाधान मात्र मला गेममध्ये मिळालं.

त्याच डावात ग्रीसचा पेरिक्लीस आडवा आला. माझे परदेशी पर्यटक १४१, त्याचे देशी १६३, आणि दोघंही एकाच चालीनं वाढतायत. इथं खेळ खरा रंगतो, कारण सगळ्या पेट्या उघडाव्या लागतात. त्याच्याकडं व्यापारी मार्ग काढला, पर्यटन पंचवीस टक्के वाढलं. खुल्या सीमेचा करार केला, आणखी पंचवीस. हेर पाठवून चित्रं पळवली. संग्रहालयात तीन चित्रं एकाच प्रकारची पण वेगवेगळ्या चित्रकारांची लावली की त्यांचं वजन वाढतं, म्हणून बाकीच्या देशांशी कपाटातल्या साड्या बदलल्यासारखी चित्रांची अदलाबदल केली. रवींद्रनाथ टागोर माझ्याकडं आले त्या रात्री मी उगाच खूश होतो. शेवटी रॉक बँड. श्रद्धा देऊन विकत घ्यायचा, शत्रूच्या मुलखात कार्यक्रम करायला पाठवायचा. पहिला बँड पहिल्याच कार्यक्रमात फुटला. दुसऱ्यानं तीन कार्यक्रम केले, तिसरा अथेन्सच्या नाट्यगृहात असा वाजला की दोन टर्नांत डाव संपला. रात्रीचे पावणेदोन. त्या वेळी मी शेवटचा व्हिडिओ पूर्ण बघितला.

बाकी किरकोळ. मराठे यात नाहीत, भारत म्हणजे गांधी नाहीतर चंद्रगुप्त. भारताला बारव बांधता येते, ती मी गरज नसताना बांधतो. आठ देशांच्या डावात माझा सेकंडहँड लॅपटॉप शेवटी टर्नला एवढा वेळ घेतो की मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. डीइटी ही सगळ्यात वरची पातळी संगणकाला सुरुवातीलाच तीन वसाहतवाले देते. संगणकाचे देश हुशारीनं नाही, पदरी जास्त घेऊन जिंकतात. प्रिन्स पातळीवर आपण आणि संगणक सारखे असतो, नव्यानं तिथंच शिकावं.

सध्या पुतण्याबरोबर घरच्या वायफायवर दोन लॅपटॉपवर डाव चालू आहे, दर रविवारी. त्यानं तीन राजधान्या घेतल्यात. सुरुवातीला म्हणत होता, “काका, तुमी नुसतं बागंत फिरल्यागत खेळताय.” आता माझ्या पर्यटकांचा आकडा बघून गप्प आहे, कारण आडवा तोच उरलाय. मला त्याच्याकडून खुल्या सीमेचा करार पाहिजे. तो म्हणतो दोन्हीकडून करू. करार झाला तर पंचवीस टक्के माझे, आणि त्याच्या तोफा माझ्या उद्यानाच्या कडेला येऊन उभ्या राहणार. गेल्या रविवारी विचारत होता, “काका, डोंगराशेजारची ती जागा लई झ्याक दिसतीय, तिथं थांबू काय?” मी सेव्ह करून लॅपटॉप मिटला. करार टेबलावर तसाच पडून आहे.