सेडानसाठी ट्रेलर हिच आणि वायरिंगचा संच: लोखंड उत्तम, जोडणीचे साहित्य कच्चे

सेडानच्या मागे हलका ट्रेलर ओढता यावा म्हणून ट्रेलर हिच, म्हणजेच टो-बार, आणि त्यासोबत विकला जाणारा वायरिंगचा संच मी माझ्या घरच्या गाडीवर स्वतः बसवला व पुरेसा वापरला. दोन्ही वस्तू एकाच कंपनीच्या असल्या तरी त्यांचा दर्जा सारखा नाही. टो-बार निर्धास्तपणे घ्यावा असा आहे. वायरिंगच्या संचातले मुख्य मॉड्यूल, म्हणजे गाडीच्या दिव्यांचे संकेत ट्रेलरच्या दिव्यांपर्यंत पोहोचवणारे उपकरण, हेही चांगले आहे. परंतु ते गाडीला जोडण्यासाठी दिलेले सुटे साहित्य इतके कच्चे आहे की त्याऐवजी दुसरे वापरल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेलर जोडला की गाडीचे स्वतःचे मागचे दिवे बरेचदा झाकले जातात, आणि पुढची गाडी ब्रेक लावते आहे हे मागच्या चालकाला ट्रेलरच्या दिव्यांवरूनच कळते. म्हणून हा भाग मला लोखंडाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

खरेदीपूर्वी एक गोष्ट तपासणे अत्यावश्यक आहे. मी घेतलेला टो-बार क्लास १ प्रकारचा आहे. या वर्गाची मर्यादा भरलेल्या ट्रेलरसाठी २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो, आणि बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकवतात त्या टो-बारच्या लोखंडी गोळ्यावर, येणाऱ्या उभ्या भारासाठी २०० पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो असते. हे आकडे टो-बारच्या पट्टीवर ठळक छापलेले असतात आणि ते वाचून आपली गाडी तेवढे वजन ओढू शकते असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तो आकडा फक्त त्या लोखंडाचा आहे. गाडीच्या माहितीपुस्तिकेतली मर्यादा, टो-बारची मर्यादा, बॉलची मर्यादा आणि ट्रेलरच्या कपलरची, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या त्याच्या पुढच्या टोकाची, मर्यादा या चारांपैकी जी सर्वांत कमी असेल तीच आपली खरी मर्यादा होय, आणि सेडानच्या बाबतीत ती बहुधा गाडीचीच असते. काही सेडानच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असे सरळ लिहिलेले असते. तशा गाडीला टो-बार बसत असला तरी तो बसवणे योग्य नव्हे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या बाबीचा उल्लेख एका ओळीत, बारीक अक्षरांत आहे. तो पहिल्या पानावर असायला हवा होता.

आता टो-बारविषयी. सेडानला ट्रकसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते. डिकीच्या तळाखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेटीसारख्या पोकळ पट्ट्या असतात आणि सगळा भार त्यांच्यावरच घ्यावा लागतो. या टो-बारची छिद्रे त्या पट्ट्यांवर कारखान्यातून आलेल्या छिद्रांशी अचूक जुळली, पत्र्यात नवे छिद्र पाडावे लागले नाही. पोकळ पट्टीच्या आत बोल्ट पोहोचवण्यासाठी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार दिलेली आहे. ती छिद्रातून आत घालून मोठ्या तोंडातून बाहेर काढायची, तिच्या टोकाला आधी चौकोनी भोकाची जाड पट्टी आणि मग बोल्ट अडकवायचा, आणि तार मागे ओढून बोल्टचे टोक खाली आणायचे. पद्धत चांगली आहे, पण टो-बार वर चढवताना ही तार काढून टाकली तर बोल्ट पुन्हा आत पडतो. त्यामुळे टो-बार जागेवर बसेपर्यंत तार त्याच्या छिद्रातून ओवलेलीच ठेवावी.

सायलेन्सरचे मागचे रबर काढून तो थोडा खाली सोडावा लागतो. साबणाचे पाणी लावले की रबर सहज निघते. बंपरच्या खालच्या कडेचा छोटा तुकडा कापावा लागतो व त्यासाठी कागदी साचा दिलेला आहे. तो नेमका आहे. लोखंडाचे वजन बरेच असल्याने वर धरायला दुसरा माणूस लागतोच, आणि गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये, स्टँड लावावेच.

टो-बार आणि पट्टी जिथे एकमेकांना टेकतात तिथला अंडरकोटिंगचा, म्हणजे गाडीच्या तळाला दिलेल्या संरक्षक लेपाचा, थर खरवडून काढला पाहिजे, ही सूचना पुस्तिकेत आहे याचे मला विशेष कौतुक वाटले. तो थर मऊ असतो, भाराखाली हळूहळू दबतो, आणि मग योग्य ताणाने आवळलेले बोल्टसुद्धा सैल पडतात. खरवडल्यावर उघड्या पडलेल्या पत्र्याला गंजरोधक रंग लावण्याची सूचना मात्र नाही, आणि ती नसणे अक्षम्य आहे, कारण पोकळ पट्टी गंजू लागली तर ते बाहेरून फार उशिरा दिसते. बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, दिलेल्या आकड्याप्रमाणे आवळावेत आणि थोडा प्रवास झाल्यावर तेच पुन्हा तपासावेत. अंदाजाने, हाताला घट्ट लागेपर्यंत आवळणे इथे पुरेसे नाही. वेल्डिंग सलग व स्वच्छ आहे आणि रंगाचा थरही टिकाऊ निघाला.

बॉल वेगळा घ्यावा लागतो. हलक्या ट्रेलरसाठी १ ७/८ इंच आणि २ इंच हे दोन आकार सर्रास मिळतात, तर युरोपीय पद्धतीत ५० मिलिमीटरचा बॉल असतो. २ इंचाचा कपलर १ ७/८ इंचाच्या बॉलवर बसतो, त्याची खिट्टीही लागते आणि सगळे ठीक दिसते. रस्त्यावरच्या पहिल्या मोठ्या धक्क्याला मात्र तो बॉलवरून उचलला जाऊ शकतो. म्हणून कपलरवर कोरलेला आकार आणि बॉलवर कोरलेला आकार एकच आहे याची खात्री डोळ्यांनी वाचून करावी, आणि सुरक्षेच्या साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून अडकवाव्यात. तशा अडकवल्या म्हणजे कपलर निसटला तरी ट्रेलरचे पुढचे टोक रस्त्यात रुतत नाही, ते साखळ्यांच्या झोळीत राहते.

वायरिंगकडे वळतो. ट्रेलरच्या दिव्यांचा जोड (प्लग) चार तारांचा आहे: पांढरी अर्थिंगची, तपकिरी मागच्या पार्किंग दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या ब्रेक व इंडिकेटरची आणि हिरवी उजव्या बाजूची. म्हणजे ट्रेलरवर प्रत्येक बाजूला ब्रेक आणि इंडिकेटर या दोन्ही कामांसाठी एकच दिवा असतो. बहुतेक सेडानमध्ये मात्र ब्रेकचा लाल दिवा वेगळा आणि इंडिकेटरचा नारिंगी दिवा वेगळा असतो. या दोन रचना सरळ तारेने जोडता येत नाहीत. दोन संकेत एकत्र करून एकाच तारेवर पाठवणारे मॉड्यूल मध्ये लागते. या संचातले मॉड्यूल हे काम बिनचूक करते: ब्रेक दाबलेला असताना डावा इंडिकेटर दिला तर डावा दिवा लुकलुकतो आणि उजवा स्थिर पेटलेला राहतो, जे अगदी योग्य आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे मॉड्यूल बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेते. ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो, म्हणजे १२ व्होल्टला तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. दोन ब्रेक दिवे आणि पार्किंगचे दिवे मिळून ट्रेलरचा भार चार अँपिअरच्या पुढे जातो. आधुनिक सेडानमध्ये मागचे दिवे नियंत्रित करणारा संगणक स्वतःच्या दिव्यांना लागणारा प्रवाहच अपेक्षित धरतो. त्याच्यावर हा जादा भार टाकला तर तो बल्ब बिघडल्याचा इशारा देतो किंवा ती ओळ बंद करतो, आणि वाईटात वाईट म्हणजे स्वतःच जळतो. तसे घडल्यास ती दुरुस्ती या संपूर्ण संचापेक्षा कितीतरी महाग पडते. स्वतंत्र वीज घेणारे मॉड्यूल गाडीच्या दिव्यांकडून फक्त संकेत घेते आणि ट्रेलरचे दिवे बॅटरीच्या तारेवर चालवते. स्वतंत्र विजेची सोय नसलेला, दिसायला तसाच स्वस्त संचही मिळतो. मागचे दिवे एलईडी असलेल्या गाडीत तो लावू नये, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

इथवर सगळे समाधानकारक आहे. अडचण सुरू होते ती जोडणीपाशी. गाडीच्या तारांना मॉड्यूलच्या तारा जोडण्यासाठी संचात प्लास्टिकचे चिमटे दिलेले आहेत. त्यातले धातूचे पाते तारेचे वेष्टन चिरून आतल्या तांब्याला टेकते. चिमटा दाबला की जोड तयार होतो, साधन लागत नाही, वेळ वाचतो. पण ते पाते तांब्याच्या काही बारीक तारा तोडते, वेष्टनाची चीर कायमची उघडी राहते, आणि डिकीच्या कोपऱ्यात ओल असतेच. काही काळाने तांबे हिरवे पडते आणि दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. असा लपंडाव करणारा दोष शोधणे पूर्ण बंद पडलेल्या दिव्यापेक्षा अवघड असते. मी हे चिमटे वापरलेच नाहीत; जोड डाग देऊन (सोल्डर करून) केले आणि त्यांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवली.

अर्थिंगसाठी दिलेला पत्र्यात शिरणारा बारीक स्क्रू ही या संचातली सर्वांत मोठी उणीव आहे. तो रंगावरून आत शिरतो आणि त्याचा पत्र्याशी संबंध येतो तो केवळ दोन-तीन आट्यांपुरता. ट्रेलरच्या दिव्यांचा सगळा प्रवाह परत येतो तो याच एका जागेतून. तिथे अर्ध्या ओहमचाही विरोध निर्माण झाला तर चार अँपिअरच्या भाराला सुमारे दोन व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि साध्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने घटत असल्याने तो जवळजवळ निम्म्यावर येतो. अर्थिंग आणखी बिघडली तर प्रवाह दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो: डावा इंडिकेटर दिला की उजवा पार्किंग दिवाही लुकलुकू लागतो. अशी लक्षणे दिसली की लोक मॉड्यूलला दोष देतात व ते बदलतात, आणि दोष तसाच राहतो. डिकीच्या अस्तराखाली कारखान्यानेच दिलेला अर्थिंगचा बोल्ट बहुतेक गाड्यांत सापडतो. गोल भोकाचे टर्मिनल लावून तार तिथेच आवळावी. तो नसेल तर रंग चकाकेपर्यंत खरवडून, दातेरी वॉशरसह नट-बोल्टने अर्थिंग करावी आणि वरून ग्रीस लावावे. कपलर आणि बॉल यांच्या स्पर्शातून अर्थिंग मिळते म्हणून पांढरी तार टाळणारेही आहेत. तिथे ग्रीस असते, रंग असतो आणि हालचाल असते. त्या स्पर्शावर दिवे सोपवू नयेत.

तपासणीच्या बाबतीतही पुस्तिका चुकीच्या मार्गाने नेते. मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दिसले की काम झाले असे ती सांगते. मीटर जवळपास प्रवाह घेतच नाही, त्यामुळे एका धाग्यावर टिकलेल्या जोडावरही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. तपासणी भाराखालीच करावी: जोडाच्या टोकाला २१ वॅटचा बल्ब लावून किंवा प्रत्यक्ष ट्रेलर जोडून, पार्किंग दिवे, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू ठेवून.

बॅटरीपासून मागे येणारी तार पुरेशा लांबीची आणि जाडीची आहे, आणि फ्यूजचे घरही सोबत आहे. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा, म्हणजे वाटेत कुठे तार घासून पत्र्याला टेकली तरी आग लागण्याआधी तो उडेल. आणि सगळी जोडणी पूर्ण होईपर्यंत तो घरात घालू नये. तार गाडीखालून न नेता दारांच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून आतून नेली तर ती सायलेन्सरच्या उष्णतेपासून आणि दगडांपासून सुरक्षित राहते. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे असते. ट्रेलरचा जोड मी डिकीतच ठेवतो आणि लागेल तेव्हा झाकणाच्या रबरी कडेवरून बाहेर काढतो. मात्र झाकणाच्या कुलुपाखाली तार येणार नाही अशी जागा आधीच निवडावी.

रस्त्यावरचा अनुभव चांगला आहे. बॉलवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस या प्रकारच्या टो-बारसाठी केली जाते. तो कमी पडला की ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे डोलू लागतो. ४०० किलोच्या ट्रेलरला तो ४० ते ६० किलो होतो, आणि डिकीत ठेवलेल्या सामानापेक्षा त्याचा परिणाम अधिक असतो, कारण तो मागच्या चाकांपासून अधिक मागे असतो. दोन्ही आसांत २.६ मीटर अंतर असलेल्या सेडानमध्ये बॉल मागच्या आसापासून १ मीटर मागे असेल, तर ६० किलोचा भार मागच्या चाकांवर सुमारे ८३ किलो होऊन येतो आणि पुढची चाके २३ किलोंनी हलकी होतात. स्टिअरिंग हलके लागते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. म्हणून ट्रेलर जोडलेला असताना मागच्या सीटवर तिघे आणि डिकी पूर्ण भरलेली, असा प्रवास मी करत नाही. हेडलाइटचा झोतही प्रत्येक वेळी खाली घेतो. काम संपले की बॉलचा दांडा पिन काढून डिकीत ठेवावा. तो तसाच राहिला तर मागचे पार्किंग सेन्सर सतत ओरडतात, शिवाय अंधारात नडगीला लागतो.

ज्यांना फक्त सायकलींचा स्टँड लावायचा आहे त्यांनी टो-बार जरूर घ्यावा. सायकलींमुळे गाडीचे दिवे झाकले जात असतील तर स्टँडवरच्या दिव्यांच्या पट्टीसाठी हेच वायरिंग त्यांनाही लागेल. दिवे मोकळे राहत असतील तर तो खर्च आणि ते श्रम टाळता येतील. हाताने डाग देण्याची सवय नसलेल्यांनी टो-बार स्वतः बसवून वायरिंग वाहनांच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, आणि काम देतानाच चिमटे व स्क्रू वापरू नयेत असे त्याला सांगावे.