ऐकला एक, घेतला दुसरा

पणजीतल्या एका ऑफिसात मी हिशेब लिहितो. दिवसाला पन्नास-साठ बिलं हाताखालून जातात. बिलावर जीएसटी क्रमांक नसला की पुरवठादाराला फोन लावून मीच सुनावतो, "असलं चिटोरं आमच्याकडे चालत नाही." हे आधीच सांगून टाकतो, कारण मी स्वतः पक्क्या बिलाशिवाय हेडफोन घेऊन फसलो, आणि त्यावरून मला हसायचं होतं तेवढं ऑफिसातल्या मंडळींनी हसून घेतलं आहे.

राहतो फोंड्याला. रोज कदंबाच्या बसने जा-ये, एका बाजूला तासभर, आणि भोमला किंवा जुन्या गोव्याला अडकलो तर किती ते देवाला ठाऊक. मामेभाऊ दुबईहून कायमचा परतला तेव्हा त्याने त्याचा आयपॉड क्लासिक मला दिला. 160 जीबीचा. कंपनीने 2014 सालीच हे मॉडेल बंद केलं, पण हा अजून ठणठणीत आहे. मी त्याच्यात नाट्यगीतं भरली, अभिषेकीबुवा भरले आणि केसरबाई केरकरांच्या मिळाल्या तेवढ्या जुन्या तबकड्या भरल्या. केसरबाई आमच्याच तालुक्यातल्या, केरीच्या. बुवा मंगेशीचे. संध्याकाळी बस मंगेशीला पोचते तेव्हा बुवांचं काहीतरी चालू असावं, असा हिशेब करून मी कुंडईच्या चढावरच गाणं बदलतो. बायको याला पोरकटपणा म्हणते. असेल.

या आयपॉडला ब्लूटूथ नाही. म्हणजे हेडफोन वायरचाच हवा, साडेतीन मिलिमीटरच्या पिनचा. हल्ली दुकानात वायरचा मागितला की पोरं आपल्याकडे आजोबांकडे बघावं तसं बघतात. बजेट दीड हजाराचं. मी महिनाभर वाचन केलं. खिशातल्या प्लेयरची ताकद कमी असते, म्हणून इम्पीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा, 16 ते 32 ओमच्या आसपास असावा आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे थोड्या विजेत किती मोठा आवाज निघतो ते, शंभर डेसिबलच्या वर. पाठीमागून उघडे असतात ते हेडफोन ऐकायला मोकळे, छान वाटतात. कॉसचा पोर्टा प्रो 1984 पासून त्याच घडणीत चालू आहे आणि लोक अजून त्याच्यावर जीव टाकतात. पण बसमध्ये उघडा हेडफोन म्हणजे इंजिन, हॉर्न आणि शेजारच्या सीटवरचा व्हिडिओ सगळं आत. मग आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास असा आहे. तेच 90 वर नेलं तर जेमतेम 4 तास. माझा बसमधला वेळच आठवड्याला दहा-बारा तास होतो. रबरी बोंडांचे इअरफोन बाहेरचा आवाज चांगला अडवतात, पण माझ्या कानात ते टिकत नाहीत, खाज सुटते. म्हणून ठरलं की कानावर बसणारा, पाठ बंद असलेला, घडी होणारा घ्यायचा. एका नावाजलेल्या जर्मन कंपनीचं मॉडेलही ठरलं. ऑनलाइन साधारण बावीसशेला होतं.

चवथीच्या आधीचा आठवडा होता. सुटल्यावर बसला अर्धा तास होता, म्हणून पणजीतल्या एका मोबाइल-ॲक्सेसरीजच्या दुकानात शिरलो. नेमकं तेच मॉडेल काउंटरमागे खिळ्याला लटकत होतं. किंमत विचारली. एमआरपी 2,990, तुम्हाला 1,450.

आता इथे मी शहाणपणा केला. "ओम किती?" म्हणून विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे नीट बघितलं आणि स्टुल पुढे सरकवलं. "बत्तीस. तुमकां कळटा म्हणून सांगतां बाब, बाकीचे फकत रंग पळयतात." म्हणजे बाकीचे नुसता रंग बघतात. मग मी क्लोज्ड बॅकवर, म्हणजे बंद पाठीवर, बोललो, तो मान डोलावत राहिला. वायर मध्येच तुटते की पिनजवळ, यावर आमचं एकमत झालं. पाच मिनिटं मी अगदी तज्ज्ञ होतो.

खिळ्यावरचा पीस त्याने माझ्या आयपॉडला लावून दिला. मी केसरबाई लावल्या. या तबकड्या मोनो असतात, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही कानांत तंतोतंत तेच जातं. हेडफोन नीट असेल तर असा आवाज ना डावीकडे येतो ना उजवीकडे, बरोबर कपाळाच्या मध्ये उभा राहतो. तसाच राहिला. तबकडीची खरखर, तिच्या मागून तो खणखणीत, रुंद आवाज. मी म्हटलं, द्या.

"पॅक पीस दितां," म्हणत त्याने खालच्या कप्प्यातून सीलबंद खोका काढला. सील तुटलं तर परत घेणार नाही, हेही बजावलं. पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे पडतील म्हणाला. 1,450 वर 261 रुपये. मी, दिवसभर लोकांना पक्क्या बिलांवरून झापणारा मी, म्हटलं, "राहू दे, काय करायचंय." त्याने कॅलेंडरच्या मागच्या कागदावर तारीख आणि आकडा लिहून दिला. पैसे यूपीआयने दिले. फोनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुणा तरी माणसाचं होतं. ते वाचलंसुद्धा. बस सुटेल म्हणून पळालो.

खोका बसमध्ये उघडला. बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे केसरबाई लावल्या आणि काहीतरी बिनसलेलं जाणवलं. आवाज होता, पण कपाळात नव्हता. दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी पसरला होता, मध्ये पोकळी. आधी बसवर संशय घेतला, मग पिनवर, मग स्वतःच्या कानावर. पन्नाशी उलटली की ही शंका पहिल्या तिनात असते. हेडफोन उलटा घालून बघितला. तसंच. घरी बायकोला ऐकवला. तिला ओम-बिम काही ठाऊक नाही. दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "ह्या बाई दोन्हीकडून गातात, मध्ये कोणीच नाही."

रात्री खोका दिव्याखाली धरला. आयातदाराचा पत्ता होता, पिनकोड नव्हता. आयातीचा महिना-वर्ष लिहायची जागा होती, तिथे नुसतं वर्ष. ग्राहकसेवेचा ईमेल कंपनीच्या नावाचा नाही, जीमेलचा. चकचकीत होलोग्राम मात्र झकास. डावा-उजवा सांगणारी अक्षरं नखाने खरवडली तर निघाली. अनुक्रमांकाचा फोटो काढून मी खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर पाठवला. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: हा क्रमांक आमच्या या मॉडेलचा नाही.

मधल्या रविवारी तिस्कावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या मामांकडे गेलो होतो. मामांनी हातात घेऊन तोलला. "जड आहे की चांगला," मी म्हणालो. दीड हजार घालवलेला माणूस अजून काहीतरी चांगलं शोधतच असतो. मामा काही बोलले नाहीत. गादी काढली, दोन स्क्रू काढले, झाकण उचकटलं. आत गरम गोंदाचा पिवळट गोळा, आणि त्या गोळ्यात घट्ट बसवलेला लोखंडी वॉशर. दुसऱ्या बाजूला दुसरा. बांधकामवाले नटाखाली घालतात तसले. वायरशी, आवाजाशी त्याचा काही संबंध नव्हता. हाताला वजन लागावं, एवढंच त्याचं काम.

मग त्यांनी एक पेन्सिल सेल घेतला आणि त्याची दोन टोकं एका बाजूच्या स्पीकरला क्षणभर टेकवली. पातळ पडदा टक्‌ करून बाहेर आला. दुसऱ्या बाजूला तोच सेल, तशाच वायरी, तोच रंग. पडदा आत गेला. मला दिसलं नाही म्हणून त्यांनी भिंग दिलं आणि परत केलं. बाहेर. आत. एका बाजूच्या वायरी उलट जोडल्या होत्या. एक कान हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, मग मोनो आवाज मध्ये उभा राहणार कसा? ती एक तार मामांनी तिथल्या तिथे पालटून डाग मारून दिला. केसरबाई मध्ये आल्या. पण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारख्या. "आता बरोबर जोडलाय," मामा म्हणाले, "चांगला नाही झाला." पैसे घेतले नाहीत.

म्हणजे काउंटरवर ऐकलेला अस्सल, खोक्यातला नकली. लटकवलेला एकच खरा पीस विकायला नसतोच, तो ऐकवायला असतो. आणि माझ्यासारखं वाचून आलेलं गिऱ्हाईक त्याला सोपं जात असणार, कारण आम्ही मन लावून ऐकतो, खूश होतो आणि मग खोका न फोडता घेऊन जातो. काही न वाचलेला माणूस निदान "हाच द्या" म्हणून खिळ्यावरच्यावर अडून बसला असता.

कंपनीचा ईमेल छापून दुकानात गेलो. दुकानदार ओळख दाखवेना. चिठ्ठी दाखवली. "बाब, हो माल आमचो न्हय." यूपीआयची नोंद दाखवली. ते पैसे म्हणे कव्हरचे होते. 1,450 रुपयांचं कव्हर! खिळ्याकडे बोट केलं तर तो पीस अजून तिथेच, दोन कॉलेजची मुलं आळीपाळीने ऐकत होती. मी त्यांच्यादेखत आवाज चढवला, तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं आणि पाचशेची नोट पुढे केली. मी ती घेतली. घ्यायला नको होती, घरी गेल्यावर कळलं. तेव्हा हात आपोआप पुढे गेला. मुलं तोवर निघून गेली होती, घेतला की नाही माहीत नाही.

मग जे आधी करायला हवं होतं ते नंतर वाचलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर 30 दिवसांत परत न घेणंही. एमआरपी सगळे कर धरूनच छापलेली असते. पक्क्या बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, गोव्यातल्या दुकानाचा 30 ने सुरू होतो, मधली दहा अक्षरं पॅनची, आणि तो खरा की खोटा हे जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉग-इन न करता कुणालाही बघता येतं. हे शेवटचं मी ऑफिसात आठवड्यातून दोनदा करतो.

कुणी घ्यायला निघालंच असेल, तर सांगतो. पैसे देण्याआधी खोका काउंटरवरच फोडा आणि त्यातलाच पीस लावून बघा, खिळ्यावरचा नको. सोबत एक जुनं मोनो गाणं ठेवा, कुठलंही. गाणारा मधोमध उभा राहिला पाहिजे. सील फोडू देत नसेल तर दुकान सोडा, बस सुटत असली तरी. दुसरी असते अर्ध्या तासात.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का? आता ई-जागृती पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडची तक्रार भरतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि पाचशे मिळाले हेही त्यात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. विरुद्ध पक्षाच्या नावाशी अडलोय. पाटीवर एक नाव आहे, यूपीआयवर दुसरं, आणि कॅलेंडरच्या कागदावर एकही नाही. दोन्ही नावं घालतो म्हणतो.