रवांडा-बुरुंडी : आधी मुकासोंगा वाचू की फाय?

रवांडा म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना 'हॉटेल रवांडा' आठवतो, 2004 चा, आणि तोही टीव्हीवर अर्धवट बघितलेला. 1994 साल, शंभर दिवस, आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, विषय संपला. अख्खा देश म्हणजे एक कत्तल, तिथे त्याआधी कोणी भाजी निवडत होतं, कोणी नापास होत होतं हे डोक्यातच येत नाही. म्हणून कोणी विचारलं की एकच कादंबरी वाचायला वेळ आहे, कुठली घेऊ, तर माझ्याकडे दोन नावं आहेत, स्कोलास्टिक मुकासोंगाची 'अवर लेडी ऑफ द नाइल' आणि गाएल फायची 'स्मॉल कंट्री'. दोन्ही मूळ फ्रेंच, इंग्रजीत मिळतात.

फायची खरंतर रवांडात नाही, शेजारच्या बुरुंडीत घडते, पण गोष्ट सांगणाऱ्या मुलाची आई रवांडातून पळून आलेली तुत्सी (हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन समाज, 1994 मध्ये मारले गेले ते बहुतेक तुत्सी), त्यामुळे सीमेपलीकडचं सगळं घरात येतंच. आणि देश तरी केवढे, रवांडा 26 हजार चौरस किलोमीटर, बुरुंडी 28 हजाराच्या आत, आपले पुणे आणि नगर हे दोन जिल्हे जोडले तर यातल्या कुठल्याही एका देशापेक्षा मोठे भरतील.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), दोन्ही पुस्तकांत नाक आहे. फायच्या पुस्तकात सुरुवातीलाच दहा वर्षांचा गाबी फ्रेंच बापाला विचारतो की हुतू आणि तुत्सी का भांडतात, देश वेगळा आहे का, भाषा वेगळी आहे का, देव वेगळा आहे का, बाप सगळ्याला नाही म्हणतो, मग का भांडतात, तर म्हणे त्यांची नाकं सारखी नाहीत. झालं, गाबी आणि त्याची बहीण बाजारात गेले की लोकांची नाकं बघत बसतात. वाचताना हसू येतं आणि पुढे त्याच हसण्याची लाज वाटते.

मुकासोंगाकडे नाक मेरीमातेच्या पुतळ्याचं आहे. नाईलच्या उगमाजवळ डोंगरावर मुलींची श्रीमंत कॅथलिक शाळा, काळ 1970 च्या दशकाची सुरुवात, तुत्सी मुलींना दहा टक्के कोटा. तिथल्या ग्लोरिओसाला खटकतं की मेरीचं नाक तुत्सी आहे, ते फोडून हुतू नाक बसवायचं. ती मैत्रिणीला घेऊन वर चढते, दोघी चिखलात माखून परत येतात, आणि मग काय सांगायचं तर तुत्सी घुसखोरांनी हल्ला केला. मैत्रीण घाबरते, हे खोटं आहे, ग्लोरिओसाच्या लेखी ते खोटं नाही, राजकारण आहे. एका शाळकरी पोरीची थाप, आणि पुढे त्या थापेचं काय काय होतं ते वाचताना पोटात गोळा येतो.

पण मला हे पुस्तक जास्त आवडतं ते कत्तलीच्या चाहुलीमुळे नाही, केळ्यांमुळे. मुलींना मेसचं डबाबंद जेवण नको असतं आणि केळी कशी शिजवायची यावर त्यांचा जोरदार वाद होतो, प्रत्येकीच्या आईचीच पद्धत बरोबर, आपल्याकडे आमटीवरून होतो तसाच. 1994 मध्ये मुकासोंगाच्या घरची 37 माणसं मारली गेली, ती स्वतः तेव्हा फ्रान्समध्ये होती. तरी ती लिहायला बसली तेव्हा केळ्यांना जागा दिली, हे मला फार मोठं वाटतं.

फायचं पुस्तक सोपं आहे, यात वाद नाही. माणूस रॅपर आहे, वाक्यं पळतात, पानंही कमी. 2016 ला त्याला फ्रान्सची हायस्कूलची मुलं निवडतात तो गोंकूर पुरस्कार मिळाला. त्यातला सायकलचा प्रसंग मी विसरू शकत नाही, गाबीची सायकल चोरीला जाते, शोधत शोधत गावात एका अत्यंत गरीब पोराकडे सापडते, त्यांनी बिचाऱ्यांनी पैसे देऊन घेतलेली, आणि तरी गाबीकडचे ती काढून घेतात. हुतू नाही, तुत्सी नाही, नुसते पैसेवाले आणि बिनपैशाचे. हे दाखवणारी पुस्तकं कमी आहेत. शेवटाकडे मात्र फाय जरा गोड लिहितो, सुटं काढून स्टेटसला लावता येतील अशी वाक्यं.

कॅनडाच्या जिल कुर्तमांशची 'अ संडे अॅट द पूल इन किगाली' पण लोक सुचवतात, ती मी दोन्हींच्या नंतर ठेवीन. पुन्हा हॉटेल, पुन्हा बाहेरून आलेला गोरा पत्रकार, त्याच्या डोळ्यांनी देश. वाईट नाही, पण तो चष्मा आपल्याकडे आधीच आहे.

तर कुठलं आधी? बहुतेक जण सांगतील फाय, सोपं पडतं म्हणून. मी म्हणेन मुकासोंगा. गाबीला काही कळत नसतं आणि ज्याने काहीच वाचलेलं नाही त्यालाही कळत नाही, मग आपण दोघं मिळून नुसते घाबरतो. मुकासोंगा वाचून गेलात तर त्या बापाच्या नाकाच्या उत्तरावर तुम्ही थांबाल, कारण बेल्जियन साहेबांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रावर जात छापली, आणि त्याच्या जोडीला तुत्सी म्हणजे कोणी वेगळीच उच्च जात हे जे खूळ पसरवलं, ते त्या शाळेशेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या मळेवाल्यात तुम्ही आधीच बघितलेलं असेल, त्याला तर तुत्सी मुली इजिप्तच्या राण्या वाटतात.

फक्त एक, मुकासोंगात मुलींची नावं पटापट येतात, व्हर्जिनिया आणि वेरोनिका, मोदेस्ता, गोरेत्ती, इमाक्युले, पहिली चाळीस पानं कागदावर लिहून ठेवा. तेवढा पेशन्स सध्या नसेल तर सरळ फाय घ्या, एका रविवारी संपेल.