जर्सी, ब्लेझर की टाय? इंग्लंडमध्ये फुटबॉलचं लाउंज निवडण्याआधी

ऑक्टोबर लागला की पुण्याहून किंवा ठाण्याहून कुणाचा तरी फोन येतो. नाताळच्या सुट्टीत लंडनला येतोय, एक मॅच बघायचीच आहे, हॉस्पिटॅलिटीचं तिकीट, म्हणजे खुर्चीबरोबर लाउंज आणि खाणंपिणंही मिळतं ते, घेऊ का? यंदाचा फोन मावसभावाचा होता. तो, वहिनी, बारा वर्षांचा मुलगा आणि काका असे चौघं येणार होते. दोन लाउंजची माहिती त्याने समोर ठेवली होती. किंमत, जागा मैदानाच्या मधोमध आहे की कोपऱ्यात, जेवण बसून आहे की उभ्याने, सगळं ताडून झालं होतं. मी विचारलं, "तुम्ही घालणार काय?" तो म्हणाला, "मॅचला जातोय म्हणजे जर्सीच ना!"

त्याच्या दोन पर्यायांपैकी महागड्या लाउंजमध्ये मोठ्या माणसांना जर्सी चालत नव्हती. ती ओळ पानाच्या अगदी तळाशी होती. म्हणून हा लेख. माझं मत आधीच सांगून टाकतो: हॉस्पिटॅलिटी घेताना ड्रेस कोडची ओळ पहिली वाचा, किंमत नंतर. त्या खोलीत कोण बसतं, तिथे आवाज किती असतो, लहान मूल रमेल का, हे सगळं त्या एका ओळीतून कळतं.

हॉस्पिटॅलिटी घ्यावीच का, हा प्रश्न साहजिक आहे. प्रीमियर लीगमधल्या मोठ्या क्लबांची साधी तिकिटं आधी सीझन तिकीटवाल्यांना आणि मग सभासदांना जातात. आठ दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याच्या हाती फारसं काही उरत नाही. बाहेर कुणाकडून जादा दराने घ्यावं, तर क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा इंग्लंडमध्ये 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि असं तिकीट दारात रद्द होऊ शकतं. क्लब स्वतः जी हॉस्पिटॅलिटी विकतो ती मात्र बहुतेक वेळा कुणालाही मिळते. मोठ्या सामन्याला माणशी काही शे पौंड मोजावे लागतात. एवढे पैसे घालून दारात कपड्यांवरून हुज्जत घालायची वेळ कुणावरही येऊ नये. माझ्या एका मित्रावर आली होती. क्लबचं नाव सांगत नाही, पण सामन्याआधीचा पाऊण तास त्याने जवळच्या दुकानात पँट शोधण्यात घालवला.

आता मुद्द्याचं. ड्रेस कोड म्हणून जे सांगतात ते खरं तर दोन वेगळे नियम असतात आणि आपण ते एकच समजतो. पहिला नियम नीटनेटकेपणाचा: फाटक्या जीन्स नकोत, ट्रॅकसूट नको, चपला नकोत, कुठे कुठे जीन्स आणि स्पोर्ट्स शूजही नकोत. दुसरा नियम रंगाचा: पाहुण्या संघाची जर्सी, मफलर, टोपी, बिल्ला, काहीही नको. पहिला नियम क्लबागणिक, लाउंजागणिक बदलतो आणि गेल्या काही वर्षांत बराच सैल झाला आहे. दुसरा सैल होत नाही. स्टेडियमच्या नियमावलीतच लिहिलेलं असतं की यजमान संघाच्या भागात बसून पाहुण्या संघाला पाठिंबा देणाऱ्याला बाहेर काढता येतं. हॉस्पिटॅलिटीची खुर्ची हा यजमानांचाच भाग. साध्या तिकिटावर पाहुण्यांसाठी वेगळा कोपरा असतो, पोलीस असतात, मध्ये रिकाम्या खुर्च्यांची रांग असते. लाउंजमध्ये तसं काही नसतं, त्यामुळे तिथे रंगच भिंतीचं काम करतो.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आपण कुणाचे? मँचेस्टर युनायटेडचे असाल आणि लंडनच्या एखाद्या मैदानावर युनायटेडचा सामना लाउंजमधून बघणार असाल, तर जर्सी घरीच ठेवा आणि गोल झाल्यावर हात मांडीखाली दाबून बसायची तयारी ठेवा. ते जमणार नसेल तर तो सामनाच निवडू नका. ज्या क्लबवर तुमचं मन आहे त्याच्याच घरच्या सामन्याला जा. वर्षानुवर्षं रात्र रात्र जागून ज्यांच्यासाठी टीव्हीसमोर बसलात, त्यांच्यासाठी मोकळेपणी ओरडता येणं याची किंमत कुठल्याही मेन्यूपेक्षा जास्त आहे.

लाउंजचे साधारण तीन प्रकार समोर येतात.

पहिला, मोठा मोकळा लाउंज. आर्सेनल या लंडनच्या क्लबच्या एमिरेट्स स्टेडियमचा क्लब लेव्हल हे याचं चांगलं उदाहरण. 2006 मध्ये हे स्टेडियम उघडलं तेव्हा मधला अख्खा मजला, सात हजारांहून जास्त खुर्च्या, या प्रकारासाठी ठेवल्या होत्या. खुर्ची गादीची, आत बार आणि खायचे काउंटर, मध्यंतराला गर्दी. इथे आर्सेनलच्या जर्सी सर्रास दिसतात, सूटमधून थेट ऑफिसातून आलेलेही दिसतात, कुणी कुणाकडे वळून बघत नाही. एवढ्या माणसांना इस्त्रीचा नियम लावणं व्यवहारातही बसत नाही. टॉटनहॅमच्या 2019 मध्ये उघडलेल्या नव्या स्टेडियमपासून तर क्लबांनी अशा जागा मुद्दाम बारसारख्या, रेस्टॉरंटसारख्या बांधायला सुरुवात केली. मुलं बरोबर असतील तर माझा कौल डोळे झाकून या प्रकाराला.

दुसरा, बसून जेवायचा लाउंज. टेबल राखून ठेवलेलं, तीन पदार्थांचं जेवण, बऱ्याच ठिकाणी क्लबचा एखादा जुना खेळाडू येऊन गप्पा मारतो. इथे 'स्मार्ट कॅज्युअल' हे शब्द लिहिलेले असतात आणि खरा घोळ या दोन शब्दांत आहे. एका क्लबात त्याचा अर्थ गडद रंगाची अखंड जीन्स आणि कॉलरचा शर्ट. दुसऱ्यात जीन्स अजिबात नाही. तिसऱ्यात जीन्स चालते पण जर्सी नाही, फक्त लहान मुलांना सूट. एकाच स्टेडियममध्ये खालच्या आणि वरच्या मजल्यावरच्या लाउंजचे नियम वेगळे असू शकतात. त्यामुळे "मी गेल्या वर्षी तिथे जीन्सवर गेलो होतो" असं कुणी सांगितलं तर आधी कुठल्या लाउंजमध्ये ते विचारा. दोन मिनिटांचा ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते फोनमध्ये ठेवा. ते शक्य नसेल तर साधी पँट, कॉलरचा शर्ट, वर स्वेटर किंवा ब्लेझर, पायात चामड्याचे बूट. या वेशात तुम्हाला या प्रकारच्या कुठल्याही दारात कुणी थांबवणार नाही. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने हा प्रकार घ्यावा. बसायला स्वतःचं टेबल मिळतं, सामन्याआधी दोन-अडीच तास निवांत जातात.

तिसरा प्रकार संचालकांच्या कक्षाचा आणि त्याच्या आसपासच्या खास क्लबांचा. कोट आणि टाय ही तिथली जुनी रीत. लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनबद्दल आपण ऐकलेलं असतं, तीच परंपरा. एमिरेट्स उघडलं तेव्हा तिथल्या डायमंड क्लबचं सभासदत्व फक्त आमंत्रणाने मिळत होतं आणि त्याची वर्षाची किंमत 25,000 पौंड अधिक कर अशी होती, म्हणजे आपल्यासारख्याने विकत घ्यायची ती गोष्टच नव्हे. पण ऑफिसच्या ओळखीने, एखाद्या पुरस्कर्त्या कंपनीकडून असं बोलावणं येऊ शकतं. आलं तर टाय विसरू नका. इंग्लंडमध्ये या बाबतीत माणूस कोण आहे हे बघत नाहीत. 2015 मध्ये विम्बल्डनच्या रॉयल बॉक्सचं निमंत्रण असूनही कोट-टाय नसल्याने लुईस हॅमिल्टनला तिथे बसता आलं नव्हतं, आणि तेव्हा तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता होता. लहान क्लबांबद्दल एक सांगायला हवं. तिसऱ्या-चौथ्या विभागातल्या गावाकडच्या क्लबात हॉस्पिटॅलिटी स्वस्त आणि घरगुती असते, पण बोर्डरूममध्ये टाय लावूनच जायची रीत तिथे अनेकदा मोठ्या क्लबांपेक्षा जास्त जपलेली दिसते. मला ते मनापासून आवडतं. शनिवारी दुपारी पाहुण्या क्लबच्या माणसांना चहा पाजायचा तर नीट कपडे घालून, अशी त्यामागची भावना असते.

वेम्बली या तिन्हींपेक्षा वेगळं. 2007 मध्ये नव्याने उघडलेलं 90,000 खुर्च्यांचं हे स्टेडियम कुठल्या एका क्लबचं घर नाही. कप फायनलला दोन्ही बाजूंचे लोक क्लब वेम्बलीच्या, म्हणजे तिथल्या हॉस्पिटॅलिटीच्या, मधल्या मजल्यावर दिसतात, दोन्ही रंगांत. रंगाचा नियम तिथे यजमान-पाहुणा असा लागूच होत नाही. ज्याला कुठल्याच क्लबची ओढ नाही पण इंग्लिश फुटबॉलचा एक दिवस अनुभवायचा आहे, त्याला मी वेम्बली सुचवतो.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला जाणाऱ्याने मात्र रंगाचा नियम दुप्पट गांभीर्याने घ्यावा. तिथले रेंजर्स निळ्या रंगाचे, सेल्टिक हिरव्या रंगाचे, आणि दोघं कट्टर प्रतिस्पर्धी. रेंजर्सच्या आयब्रॉक्सवर हिरवा आणि सेल्टिक पार्कवर निळा किंवा केशरी, साधा स्वेटर असला तरी नको. लेखी नियम काहीही म्हणो, त्या शहरात या रंगांमागे धर्माचा आणि स्थलांतराचा शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. एफसी गोवाची केशरी जर्सी फातोर्ड्याला अभिमानाने मिरवावी, सेल्टिक पार्कला बॅगेतूनही बाहेर काढू नये. आयब्रॉक्सला नीट कपड्यांचंही वेगळं महत्त्व आहे. 1920 ते 1954 इतकी वर्षं रेंजर्सचे व्यवस्थापक असलेले बिल स्ट्रुथ खेळाडूंनी कॉलर-टाय लावूनच यावं असा आग्रह धरत. तिथल्या जुन्या मुख्य इमारतीत संगमरवरी जिन्यावरून वर जाताना आपण ब्लेझर घातला याचं समाधान वाटतं.

जर्मनीत हे सगळं बरंच सैल आहे. चांगल्या जॅकेटवर क्लबचा मफलर हा तिथल्या लाउंजचा नेहमीचा वेश, आणि बिअरचा ग्लास घेऊन खुर्चीत बसता येतं. इंग्लंडमध्ये ते चालत नाही, आणि त्याचा कपड्यांशी थेट संबंध आहे.

1985 च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना चालू असताना मैदान दिसेल अशा जागी मद्य घेता येत नाही. काचेच्या बॉक्समध्येही सामन्याच्या वेळेत मद्य द्यायचं तर पडदे ओढून घ्यावे लागतात. त्यामुळे लाउंजमधली माणसं सतत आत-बाहेर करतात. जेवण आत, उबेत. खेळ बाहेर, उघड्यावर. मध्यंतराला पंधरा मिनिटं परत आत. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे तीनच्या सामन्याचा दुसरा अर्धा भाग सूर्य मावळल्यावर, पाच-सहा अंश तापमानात बसून बघायचा. गादीची खुर्ची थंडी अडवत नाही. सुटाबुटात येऊन कुडकुडणारे पाहुणे मी दर हिवाळ्यात बघतो. आत थर्मल, त्यावर शर्ट, पातळ लोकरी स्वेटर, ब्लेझर आणि सर्वांत वर जाड ओव्हरकोट. ओव्हरकोट लाउंजमध्ये काढून ठेवायला जागा असते. मोठी पाठपिशवी मात्र आणू नका. बऱ्याच मैदानांवर ए-फोर कागदाहून मोठी बॅग आत सोडत नाहीत.

आपल्या कपड्यांबद्दल वहिनींनी विचारलं होतं. साडी किंवा सलवार-कमीज नीटनेटकेपणाच्या कसोटीत कुठेच कमी पडत नाही. अडचण थंडीची आणि पायऱ्यांची आहे. वरच्या मजल्यांवरच्या पायऱ्या उभ्या असतात, निऱ्या सांभाळत आणि चार माणसांचे गुडघे ओलांडत खुर्ची गाठावी लागते. सलवार-कमीज, आत लोकरी लेगिंग्ज आणि बंद बूट हे मला जास्त सोयीचं वाटतं. पुरुषांना बंद गळ्याचा कोट उत्तम. टायची सक्ती असलेल्या ठिकाणी तेवढा आधी विचारून घ्यावा. कोल्हापुरी चप्पल मात्र नको, हिवाळ्यात तर नकोच.

आणि अर्ध्या-अर्ध्या रंगांचे, दोन्ही संघांची नावं असलेले मफलर स्टेडियमबाहेर विकायला असतात. आठवण म्हणून हवा तर घ्या, पण बॅगेत ठेवा. ज्यांचे आजोबाही याच मैदानावर यायचे अशा माणसांच्या शेजारी आपण बसणार असतो, आणि त्यांना तो बघवत नाही.

मावसभावाने शेवटी एमिरेट्सचा क्लब लेव्हल घेतला. मुलाला जर्सी घालता येणार होती, तेवढ्यावर निर्णय झाला. काकांना प्रश्न पडला की सगळे जर्सीत असताना आपला करडा कोट चालेल का. चालेल, जास्त नीट कपडे घातले म्हणून तिथे कुणी अडवत नाही. फक्त त्यांची कानटोपी बदलावी लागली. मावशीने विणलेली ती टोपी गडद निळी आणि पांढरी होती, म्हणजे नेमके आर्सेनलच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचे, टॉटनहॅमचे रंग. सामना दुसऱ्या संघाशी असला तरी आर्सेनलच्या घरात ती घालून बसणं मला पटेना. मावशी आता लाल लोकर आणून नवी विणते आहे.