दहावीच्या इंग्रजीचं वार्षिक नियोजन गूगल शीटवर: जून ते फेब्रुवारी वापरल्यानंतर

बीड जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. दहावीचं 'माय इंग्लिश कोर्सबुक' 2018 पासून तेच आहे. त्यामुळे बरीच वर्षं मी जुन्याच वार्षिक नियोजनावर तारखा बदलून जूनमध्ये ऑफिसात देत आले. 2024-25 ला पहिल्यांदा ते गूगल शीटवर नव्याने मांडलं आणि बोर्डाची परीक्षा सुरू होईपर्यंत वापरलं.

शीट अगदी साधी आहे. एका आठवड्याला एक ओळ आणि चार रकाने: हातात किती तासिका, काय घ्यायचं ठरलं, प्रत्यक्षात काय झालं, आणि वर्गात कोण नव्हतं. हा चौथा रकाना छापील नमुन्यात नसतो आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडला.

कारण आमच्याकडचं शाळेचं वर्ष सरळ चालत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. दहावीची बरीच मुलं आजी-आजोबांजवळ थांबतात, पण मग घरची जनावरं आणि धाकटी भावंडं त्यांच्याच गळ्यात येतात. काही मुलं आईवडिलांबरोबर जातातच. आणि माझ्या जुन्या नियोजनात पत्रलेखन, वृत्तांत, भाषण हे सगळं द्वितीय सत्रात, म्हणजे नेमकं ती गेल्यावर! टाचणात, म्हणजे शिक्षकाच्या रोजच्या पाठाच्या नोंदवहीत, 'पत्रलेखन पूर्ण' असं लिहिलेलं असायचं. कोणाचं पूर्ण झालं, हे कुठेच नसायचं. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून या वर्षी नियोजन पाठांच्या क्रमाने न करता कृतिपत्रिकेच्या, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या, गुणांवरून केलं. लेखी 80 गुणांत पाठांवरच्या उताऱ्यांना 20 आणि कवितेला 10. उरलेले 50 भाषाभ्यास, पुस्तकाबाहेरचा उतारा, लेखनकौशल्य आणि भाषांतराचे. हे 50 गुण पाठ तोंडपाठ करून मिळत नाहीत, त्याला हात चालावा लागतो. लेखनाचा बहुतेक भाग मी जुलै ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आणला आणि चार पाठ मागे ढकलले. गावाला गेलेलं मूल पाठ एकटं वाचू शकतं, पत्र मात्र कोणीतरी तपासून द्यावं लागतं.

तक्ता वाचून परिच्छेद लिहायची कृती मुलांना नेहमी जड जाते. ऑगस्टमध्ये मी साखर कारखान्याच्या वजनपावतीवरून तक्ता तयार केला: गाडी, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ ऊस. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, यात बांधणीची कपात दाखवली नाही." (मोळ्या ज्याने बांधतात त्याचं वजन उसातून वजा करतात, ती.) मग त्यानेच फळ्यावर ती ओळ घातली आणि तिच्यावर इंग्रजीत दोन वाक्यं रचली. व्याकरण चुकलं होतं, पण वाक्यं त्याची स्वतःची होती. पहिलीपासून इंग्रजी शिकत आलेल्या मुलाला स्वतःचं वाक्य सुचायला दहावी उजाडावी लागली, हे मी त्या दिवशी शीटच्या तिसऱ्या रकान्यात लिहून ठेवलं.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधी प्रशिक्षणं, मग प्रत्यक्ष ड्युटी. शिवाय दहावीची परीक्षा आदल्या वर्षी 1 मार्चला सुरू झाली होती, ती या वेळी 21 फेब्रुवारीला आली. एरवी अशा वेळी शेवटच्या महिन्यात जादा तास घेऊन पाठ नुसते वाचून संपवायचे. आता पहिला रकाना बघून डिसेंबरमध्येच कळलं की एवढ्या तासिका नाहीतच. दोन पाठ पूर्ण शिकवायचे नाहीत, त्यांवरच्या कृती फक्त सोडवायच्या, असं तेव्हाच ठरवता आलं.

त्रासही झाला. ऑफिसला ठरलेल्या नमुन्यातलं छापील नियोजन हवंच असतं, म्हणजे काम दोनदा. मोबाईलवर चार रकाने एकदम दिसत नाहीत. नोव्हेंबरात मी सलग तीन आठवडे 'काय झालं' भरलं नाही आणि नंतर आठवून भरायला बसले तेव्हा काही केल्या जुळेना. हे रोज शाळा सुटायच्या आत भरलं तरच खरं. आणि माझी मोठी चूक कवितांची. गुण 10 म्हणून त्यांना तासिका कमी ठेवल्या, रसग्रहण जानेवारीत घाईने घेतलं आणि मुलांनी गाइडमधली ठरावीक वाक्यं उतरवली. कविता पहिल्या सत्रात, पावसाळ्यात, सावकाश घ्यायला हवी होती. नववीला हाताशी वेळ असतो, तिथे ही शीट इतकी लागली नाही.

दिवाळीनंतर सहा जणं गेली. जाताना प्रत्येकाच्या वहीत त्याची तपासलेली पत्रं होती आणि शीटवरून उतरवलेली राहिलेल्या कामाची यादी. त्यांतली एक मुलगी रविवारी आईच्या फोनवरून परिच्छेदाचा फोटो पाठवायची. मी लाल खुणा करून परत पाठवायचे. फेब्रुवारीत ती परीक्षेपुरती परत आली तेव्हा तिच्या यादीतल्या दोनच ओळी शिल्लक होत्या.

पुढच्या वर्षीची शीट उघडून ठेवली आहे. आत्ता त्यात नववीच्या उत्तरपत्रिकांवरून कोणाला कशात अडतं ते भरते आहे. चौथा रकाना या वेळी पहिला घेतला आहे, आणि कोणाच्या घरचे यंदा कोयता घेऊन निघणार, हे जूनमध्येच विचारणार आहे.