बोटीच्या ट्रेलरला आठ प्लायचे रेडियल लावले, त्याबद्दल

"नक्षी अजून शाबूत आहे की, कशाला बदलता?" बोटीच्या ट्रेलरबाबत हे सर्रास ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही. हा टायर झिजून क्वचितच जातो. वर्षातला बहुतेक काळ तो एकाच जागी उन्हात उभा असतो. रबर कडक होतं, बाजूला केसासारख्या चिरा पडतात आणि एक दिवस भर वेगात नक्षीचा अख्खा पट्टाच सोलून निघतो. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही छान दिसो, टायर उतरवायचा. मी त्याच कारणासाठी उतरवले.

नवे घेतले ते एसटी २०५/७५ आर १४ मापाचे रेडियल, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) डी, म्हणजेच आठ प्लाय. आधी याच मापाचे सी होते. सुरुवातीचं एसटी महत्त्वाचं: हा टायर खास ट्रेलरसाठी, बाजूची भिंत जास्त ताठ. मापाला बसतात म्हणून कारचे टायर लावणारेही भेटतात. कारच्या टायरवर छापलेला भार ट्रेलरसाठी १.१ ने भागून धरायचा असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. शिवाय त्याची मऊ भिंत वळणावर डुलते आणि मागे उंच बोट असली की ते डुलणं थेट स्टिअरिंगपर्यंत पोचतं.

सी सोडून डी का, तर वजनामुळे. माहितीपत्रकातलं बोटीचं वजन बहुधा कोरडं असतं. इंजिन, भरलेली टाकी, बॅटरी, नांगर, दोर, बर्फाची पेटी असं सगळं चढवून ट्रेलरसकट वजनकाट्यावर घेतलं, तर माझा आकडा १,४५० किलोच्या आसपास आला. सी रेंजचा टायर ५० पीएसआय हवेच्या दाबाला ७९८ किलो पेलतो, म्हणजे जोडी १,५९६. कागदावर बसतं. पण हातात दीडशे किलोही उरत नाहीत, आणि वजन दोन्ही चाकांवर सारखं पडेल याची खात्री नाही. डी रेंज ६५ पीएसआयला ९२५ किलो घेतो, जोडी १,८५०. आता जीव खाली पडला. (आठ प्लाय म्हणजे आत मोजून आठ थर नसतात, ती ताकद सांगायची जुनी पद्धत आहे.)

फरक सगळ्यात आधी हाताला कळला. लांबच्या पट्ट्यानंतर थांबलं की मी टायरला तळवा लावून बघतो. जुन्यांवर भर उन्हाळ्यात हात टिकायचा नाही, हे कोमट लागतात. त्यात हवेचाही वाटा आहे. कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, तापतो आणि फाटतो. म्हणून निघण्याआधी, टायर गार असतानाच, भिंतीवर लिहिलेला पूर्ण दाब भरायचा. वाटेत दाब चढलेला दिसला तरी गरम टायरमधली हवा काढायची नाही.

उणी बाजूही आहे. बोट पाण्यात सोडून रिकामा ट्रेलर ओढला की तो खड्ड्यांवर चांगलाच उडतो, आणि सगळी आदळआपट स्प्रिंगच्या पानांवर जाते. दुसरं म्हणजे ६५ पीएसआय चाकाच्या डिस्कलाही (टायर बसतो त्या रिमला) झेपायला हवं. तिच्यावरचा आकडा आधी वाचा. साधा रबरी वॉल्व्ह या दाबाला काठावरच असतो, मी धातूचे लावून घेतले. वेगाचं अक्षरही बघा: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम म्हणजे १३०. मी तसा वेग घेत नाही आणि बोट मागे असताना कुणी घेऊ नये. बायस टायर (आतले धागे तिरपे असलेले; रेडियलमध्ये ते आडवे, सरळ असतात) अजून मिळतात, कमी अंतरासाठी चालतील. पण एकाच अ‍ॅक्सलवर एक बायस, एक रेडियल असला जुगाड नको.

घेताना मात्र दुकानात खाली बसून तारीख वाचा. टायरच्या भिंतीवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ ३१२४, म्हणजे २०२४ चा ३१ वा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडून राहिलेला 'नवा' टायर मला दाखवला होता, तो तसाच परत ठेवायला लावला. स्टेपनीही याच मापाची, याच रेंजची घेतली आणि तिला उन्हापासून वाचवायला कव्हर चढवलं, कारण न फिरताही ती बाकीच्या दोघांइतकीच म्हातारी होणार आहे.